टबकाकूंची मेथी

टबकाकू पहिली मेथी स्वतः खात नसत. कितीही तरारून आलेली असो, पहिली खुडणी दुसऱ्याच्या घरी गेल्याशिवाय त्यांच्या कढईत मेथीचं पान पडायचं नाही. विश्रांतवाडीच्या आमच्या इमारतीत त्या माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत. इकडे मी एकटा.

टबकाकू हे नाव मी मनातल्या मनात ठेवलेलं. मुलाला तान्हेपणी ज्या निळ्या टबात आंघोळ घातली, त्यातच त्या मेथी पेरत. मुलगा आता कॅनडात. दसऱ्याला घट उठले की त्याखालची माती टबात जायची, वर मेथीदाणे. बाल्कनीत ऊन जेमतेम. त्या टब सरकवत उन्हामागे फिरत. मी एकदा म्हटलं, "काकू, मेथी कोपऱ्यावर मिळते की."

"मिळते ना. डबाही मिळतो. तरी तुम्ही माझ्याकडे जेवायला येताच."

पहिल्यांदा त्या माझ्या दारात आल्या त्या वाटी घेऊन. "अहो, पाहुणे यायचेत आणि साखर संपलीय." मी वाटी भरून दिली. थोड्या वेळाने मेथीची जुडी घेऊन परत हजर. मला भाजी निवडता येत नाही हे चेहऱ्यावर दिसलं असावं. दारातच उभं राहून त्यांनी अर्धी निवडून दिली. तेव्हापासून दरवर्षी पहिली जुडी माझी. त्यांच्याकडे चहाला गेलो की माझ्या कपात गूळ असे. मधुमेहामुळे त्या घरात साखर आणतच नसत.

गेल्या वर्षी मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. टब माझ्या दारात ठेवून म्हणाल्या, "याला आंघोळ घालायची नाही. पाणी नुसतं शिंपडायचं." लिफ्टचं दार लागेपर्यंत त्या टबाकडेच बघत होत्या.

यंदा मी मेथी पेरली. पहिली जुडी घेऊन समोरची बेल वाजवली. तिथे आता एक तरुण जोडपं राहतं. आतूनच आवाज आला, "आम्ही काही ऑर्डर केलेलं नाहीये."

"मी समोरचा. घरची मेथी आहे."

"नको, थँक्यू."

जुडी ओट्यावर आणून ठेवली. काकू गेल्या त्या दिवशीही घर इतकं रिकामं वाटलं नव्हतं. संध्याकाळी त्यांना फोन लावला, सगळं सांगितलं.

"द्यायला कशाला गेलात?" काकू म्हणाल्या. "द्यायला आलेल्याचा लोकांना संशय येतो. मागायला जायचं."

"काय मागू?"

"मी काय मागितलं होतं?"

"पण तेव्हा तुमच्याकडे पाहुणे यायचे होते ना?"

"माझ्याकडे कोण येणार होतं, अहो?" मग म्हणाल्या, "इथे तेही जमत नाही. साखर मागण्याइतकं इंग्रजी येतं मला. पण शेजारचं दार कधी उघडं दिसत नाही."

फोन ठेवला. माझा साखरेचा डबा काठोकाठ भरलेला होता. मी रिकामी वाटी घेतली आणि समोरची बेल वाजवली.