मापाची मोटारसायकल

लवंगीची उंची चार फूट नऊ इंच. लहान चण आणि तिखट जीभ, म्हणून कारखान्यात कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं उरलं. लेथच्या कामात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. केसाएवढा फरक ती बोटाच्या टोकाने ओळखायची. फक्त मशीनपुढे उभं राहायला तिला पायाखाली फळी लागायची, आणि ती फळी कुणी हलवली तर त्याचं त्या दिवशी काही खरं नसायचं.

बाविसाव्या वर्षी ती मोटारसायकल घ्यायला दुकानात गेली होती. बसली, तर दोन्ही पाय अधांतरी. गाडी कलली, सावरायला दोघे धावले आणि सावरता सावरता हसले. ती उतरून तडक घरी आली. पुढे वीस वर्षं तिने तो विषय काढला नाही.

मग आई गेली आणि वर्षाच्या आत वडिलांची डावी बाजू लुळी पडली. वडील ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. अर्ध्या शहराच्या हातात स्टिअरिंग त्यांनी दिलं होतं. आता त्यांना खाटेवरून खिडकीपर्यंत जायलाही लेकीचा खांदा लागे. तेही एक वेळ निभलं असतं. पण त्यांनी एकटेपणाची धास्तीच घेतली. घरातला आवाज थांबला, की ते घाबरेघुबरे होत. ती कामावर असताना शेजारच्या निवृत्त नर्सबाई येऊन बसायच्या आणि अखंड बोलत राहायच्या. संध्याकाळी लवंगीने दारात पाऊल टाकलं, की बाई म्हणायच्या, "आलीस? आता मी जरा तोंड मिटते."

मोठा भाऊ दुसऱ्या शहरात होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे बघ," तो म्हणायचा. कौतुकानेच म्हणायचा बिचारा. पण ते ऐकलं, की कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखं तिला व्हायचं.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी तिने भंगारवाल्याकडून एक जुनी मोटारसायकल टेम्पोत घालून आणली. इंजिन जाम, टाकीला पोचे आलेले. सोफा भिंतीला सरकवून गाडी बाहेरच्या खोलीत उभी केली. नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, पाहुणे आले तर बसायचे कुठे?"

"पाहुणे येतात कुठे?" लवंगी म्हणाली.

बाजारातली गाडी तिच्या मापाची नव्हती, तर ती गाडीच आपल्या मापाची करणार होती. गाडी पुढून खाली बसावी म्हणून पुढच्या चाकाचे फोर्क तिने क्लॅम्पमधून वर सरकवले. मागचे शॉक्स काढून आखूड बसवले, त्यांचे बुश स्वतः लेथवर काढले. सीटचा फोम दोन्ही बाजूंनी कोरला, हँडल मागे ओढून घेतलं. गाडी खाली आल्यावर साइड स्टँड लांब पडला आणि गाडी उलट्या बाजूला तिच्याच अंगावर आली. दोन दिवस लंगडत तिने तो कापून पुन्हा वेल्ड केला.

आणि नवल असं, की वडील शांत झाले. कानस चालू असली, की ते डोळे मिटून पडत. मध्येच जड जिभेने म्हणत, "घाई करतेयस. आवाजावरून कळतं." आणि खरंच ती घाई करत असायची. साडेतीन वर्षं हे चाललं. शेवटच्या वर्षात तर तिने दोनदा रंग खरवडून पुन्हा दिला. पहिल्या रंगात काही खोट नव्हती. पण गाडी पूर्ण झाली की कुठेतरी जावं लागणार, आणि आपल्याला जाता येणार नाही, हे तिला आतून ठाऊक होतं.

शेवटी एका रविवारी ती बसली. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग नर्सबाईंना वडिलांपाशी बसवून निघाली आणि नदीवरचा पूल ओलांडून गावाबाहेर पडली. वीस मिनिटं झाली असतील, तोच खिशात फोन थरथरला.

"मागे फीर," नर्सबाई म्हणाल्या. मागून वडिलांचं ओरडणं ऐकू येत होतं. "गाडीचा आवाज लांब गेला, तशी 'आता ही परत येत नाही' म्हणत यांनी खाटेवरून अंग टाकलं. दारापर्यंत सरपटत आलेत. मला एकटीला आवरत नाहीत."

त्यानंतर लवंगी रोज संध्याकाळी गाडी काढायची, पण घराभोवतीच्या चार गल्ल्यांतच फिरायची. आवाज वडिलांच्या कानाआड होता कामा नये ना! किराणा दुकान, शाळेची भिंत, लाँड्री, पुन्हा किराणा दुकान. लाँड्रीवाला इस्त्री थांबवून विचारायचा, "ताई, काही हरवलंय का?" पाच महिने ती त्या चार गल्ल्यांत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर फिरली. तिसरा टाकायला रस्ताच पुरायचा नाही.

एका रविवारी भाऊ नेहमीचं वाक्य बोलला आणि तिचा बांध फुटला.

"दादा, पुढच्या शुक्रवारपासून आठ दिवस मी नाहीये."

"म्हणजे? बाबांचं काय?"

"तेच तू ठरव. मी साडेचार वर्षं ठरवतेय."

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग भाऊ म्हणाला, "चार दिवस जमवतो."

तो आला. तिने औषधांचा कागद, पाठ चोळायचं तेल, सगळं त्याच्या हवाली केलं आणि निघाली. पूल मागे पडल्यावर पहिल्यांदा तिने गाडी मोकळी सोडली. संध्याकाळी समुद्रकाठच्या एका साध्या लॉजवर उतरली आणि जेवायचंही विसरून पलंगावर आडवी झाली. जाग आली तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. आपण रडावं की हसावं, तिला कळेना. समुद्र पाहायला आलेली बाई झोपायलाच आली होती! उरलेला वेळ ती किनाऱ्याच्या रस्त्याने मनसोक्त फिरली. पण दर थांब्यावर फोन हातात. चौथ्या दिवशी परतली तेव्हा भावाचे डोळे खोल गेले होते. "तू हे रोज करतेस?" एवढंच तो म्हणाला आणि बॅग उचलून स्टेशनला गेला. वर्षातून एकदा येईन, असं कबूल केलं त्याने. अजून तरी शब्द पाळतोय.

म्हणजे वर्षातले चार दिवस तिचे. बाकीचे दिवस तेच.

भावाच्या पहिल्या खेपेनंतर महिन्याभराने ती वडिलांना अंघोळ घालत होती. पाठीवर पाणी पडत असताना ते अचानक म्हणाले, "मी तुला अडकवून ठेवलं."

असं कुणी म्हटलं की काय म्हणायचं असतं, ते तिला ठाऊक होतं. पण ते शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत.

"हो," ती म्हणाली.

वडिलांनी मान हलवली. ते रागावले नाहीत, रडलेही नाहीत. उजव्या हाताने त्यांनी चाचपडत साबण शोधला आणि, आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच, आपली छाती आपणच घासायला लागले. वेडावाकडा हात फिरत होता, निम्मा फेस खाली गळत होता. ती तांब्या धरून उभी राहिली आणि मध्ये पडली नाही.