इंजिन बंद ठेवायचं

शेवंतीला पोहता येत नव्हतं. घाटकोपरच्या टेकडीवर हंडाभर पाण्यासाठी जिने रांगा लावल्या, तिला पोहायला कोण शिकवणार? वीस वर्षं तिने इस्पितळांतली सोनोग्राफीची यंत्रं दुरुस्त केली. मग अनिरुद्ध या संशोधकाने तिला गाठलं. पाण्यात आवाज सोडायचा, प्रतिध्वनीवरून खालचे मासे पडद्यावर बघायचे, आणि देवमासा ते कसे खातो हे नोंदवायचं. काम तिच्या हातचंच. फक्त पोटाऐवजी समुद्र. घरी तिने बोटीचं नावही काढलं नाही.

नोंद स्वच्छ यावी म्हणून इंजिन बंद ठेवायचं, असा नियम. बोट चालवणाऱ्या वर्सोव्याच्या शिवदासने ते बंद केलं की दरवेळी ती कठडा पकडायची.

त्या दिवशी सकाळी किनारा दिसेनासा झाला आणि पडद्यावर तारली माशांचा ढग उमटला. तो वर सरकत बोटीच्या अगदी खाली येऊन घट्ट झाला.

"सावलीला आल्या," शिवदास म्हणाला. "मागे कोणीतरी लागलंय, म्हणून लपतायत."

"आपल्याखाली?"

"मग काय तुला विचारून लपतील?"

त्यांच्यामागून एक जाड रेघ वर येऊ लागली, देवमासाच. तीस मीटर खोल. बावीस. शेवंती आकडे मोठ्याने वाचत होती; चौदाला ती पडद्यापासून मागे सरली. सहा महिन्यांत अशी नोंद मिळाली नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"शिवदासदादा, इंजिन चालू करा."

"नोंद जाईल, बाय."

"जाऊ दे. जीव जाईल त्याचं काय?"

त्याने स्टार्टर मारला. इंजिन खोकलं. पुन्हा मारला, पुन्हा खोकलं. तिसऱ्यांदा तेवढंही नाही. शेवंतीने कठड्याला मिठी मारली आणि डोळे घट्ट मिटले.

बोट एका अंगाला कलली. दहा हातांवर पाणी फुटलं, उघडा जबडा वर आला, तारल्या फळ्यांवर टपटप पडल्या. मग नुसता कुबट वास आणि शांतता. पडदा मात्र चालूच होता. इंजिन लागलं ते तासाभराने.

दोन दिवसांनी अनिरुद्धने सगळी नोंद पाहिली.

"ताई, कमाल केलीत. देवमासा खाली असतानाही इंजिन बंद ठेवलंत. पण नोंदीत हे तीन ओरखडे कसले?"

"कमाल कसली? तीनदा स्टार्टर मारला, इंजिन लागलं नाही. घाबरले होते मी."

"मग अहवालात काय लिहू?"

"तेच लिहा. आणि ते इंजिन आधी मी स्वतः तपासणार, मगच बोटीत चढणार."