रंगखात्याची माती

"गच्चीवरचे ड्रम रिकामे केले का गं?" नलूने मला शेवटचं विचारलं ते हे. परळच्या हॉस्पिटलात शहाळं घेऊन भेटायला गेले होते. डॉक्टर म्हणत होते, मूत्रपिंडं थकलीत. आणि ही बाई ड्रमांची चौकशी करत होती! "आधी तू घरी ये, मग बघू," मी म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली... त्याच आठवड्यात गेली.

आम्ही दोघी काळाचौकीच्या एकाच चाळीत वाढलो. तिचे वडील गिरणीच्या रंगखात्यात. जेवायला बसले की त्यांची निळी नखं दिसत आणि आम्ही पोरी फिदीफिदी हसत असू. नलू पुढे दादरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागली, पण बिऱ्हाड काही हललं नाही. स्वभाव फटकळ. कुणाच्या कुंडीत पान पिवळं दिसलं की मालकिणीची हजेरी घेतल्याशिवाय पुढे जायची नाही.

गिरणी पाडून टॉवरसाठी खोदकाम सुरू झालं, तेव्हा मंडळाच्या पोरांनी तिथली माती गोण्या भरून आणली. बापजाद्यांनी जिथे घाम गाळला ती माती. नवरात्रात घटाला याहून पवित्र काय असणार? गेल्या वर्षी घरोघरी तीच परडीत पडली. मीही कपाळाला लावली होती. बाकीची महिनाभर आधीच गच्चीवरच्या ड्रमांत गेली होती आणि त्यात मेथी पेरली होती.

तिसऱ्या माळेला गहू उगवले, आणि मग थांबलेच. दसऱ्याला टोपीत खोवायला वीतभर तुरे हवेत, इथे बोटभरही नाहीत. चाळ हबकली. देवी कोपली, कुणाचं तरी वाईट होणार, अशी कुजबुज सुरू झाली. नलूने माझ्या परडीतलं एक रोप अलगद उपटून दाखवलं. मूळ तपकिरी, आखडलेलं, जळक्या वातीसारखं.

"देवीला कशाला बोल लावता? ही रंगखात्याची माती आहे. शिसं, क्रोमियम, कॅडमियम, काय काय मुरलं असेल हिच्यात."

"पण उगवले ना गहू?"

"बी स्वतःच्या शिदोरीवर उगवतं गं. माती कशी आहे ते मुळाला नंतर कळतं. पालेभाजी तर त्याहून लबाड. वरून छान दिसते, आणि विष गुपचूप पानात साठवते."

ती तशीच गच्चीवर गेली. तिथे मेथी दिसायला खरंच झकास होती. वरच्या मजल्यावरच्या काकी खुडत होत्या. नलूने समजावून पाहिलं, मग आवाज चढवला. काकी शांतपणे म्हणाल्या, "देवीक चलता ती माती, आमका कित्याक नाय चलाची?" माती तपासून घेऊ, असं ती मंडळात सांगत राहिली. सगळे माना डोलवायचे आणि मेथी खायचे. त्यांच्या घरात लहान मुलं आहेत, हे तिला झोपू देत नव्हतं.

तिचं दुखणं मातीमुळे आलं, असं मी म्हणणार नाही. ते मला कळतही नाही. वडिलांचे कामावरचे कपडे दर रविवारी तीच धुवायची, एवढं आठवतं. चाळीला मात्र सगळं कळलं. "घट खुंटला तेव्हाच समजलं होतं, तिच्यावरच होतं ते," असं तिच्या तेराव्याला एकीने मला सांगितलं. इतका संताप आला की मी पानावरून उठले.

यंदा नलूच्या घरी वर्षभर सणवार नाही, म्हणून तिची परडी मी आणली. देवीचा घट बाजारच्या मातीत बसवला. परडीत मुद्दाम ड्रममधली माती घातली आणि खिडकीत ठेवली. तिसऱ्या माळेला गहू उगवले. काकी दारात थांबून हसल्या. "बघ, उगवले मगे! उगाच बिचारी जिवाला घोर लावून गेली."

आज सातवी माळ. मी परडीतलं एक रोप तिच्यासारखंच अलगद उपटलं. मूळ पुन्हा तपकिरी, आखडलेलं. ते तसंच हातावर ठेवून काकींकडे गेले. दार उघडंच होतं. लसणाची फोडणी बसली होती. त्यांची नात पाटावर बसून गच्चीवरच्या मेथीची भाजी भाकरीशी खात होती.