मोटरीमागचा बोका

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर खाला राहायची. नात्याने ती कुणाचीच मावशी नव्हती, पण सगळे तिला खाला म्हणत, म्हणून लग्न होऊन पनवेलला आल्यावर मीही म्हणू लागले. तिचे यजमान गेलेले होते, मुली उरणकडे दिलेल्या होत्या आणि धाकटा मुलगा एसी दुरुस्तीचं काम शिकून नुकताच आखातात गेला होता. जाताना त्याने आईजवळ एकच वस्तू ठेवली होती, ती म्हणजे मासळी बाजारातून पिल्लू असताना उचलून आणलेला पिवळा बोका.

मुलगा होता तोवर खालाला बोका घरात चालत नसे. दाराबाहेर खाऊ घाल, असं ती म्हणायची. मुलगा गेल्यावर पंधरवड्यातच बोका तिच्या पलंगावर पायथ्याशी झोपायला लागला. तो काही काम करत नाही, वेळेवर जेवायला येतो आणि उशीर झाला की रागावतो, म्हणून तिने त्याचं नाव साहेब ठेवलं. दर शुक्रवारी नमाजनंतर मुलाचा फोन यायचा. आईची तब्येत, औषधं, पाणी येतं की नाही, एवढं विचारून झालं की तो साहेबाची चौकशी करायचा. मग खाला आपला बटणांचा फोन बोक्याच्या तोंडाशी धरायची. बोका कधी म्यांव करायचा, कधी नुसताच फोनचा वास घ्यायचा. तेवढं झालं की दोघं मायलेक खूश होऊन फोन ठेवत.

त्या वर्षी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एक लग्न झालं. मोठा मांडव होता, खाली गालिचे अंथरलेले होते. लग्न उरकलं, डेकोरेटरच्या माणसांनी मांडव सोडला, टेम्पो भरून गेले, आणि त्या दिवसापासून साहेब दिसेना. बोके असे जातात, येईल परत, असं आम्ही सगळ्यांनीच म्हटलं. तो काही आला नाही. मग खाला जिना चढून माझ्याकडे आली. गुडघ्यांमुळे ती सहसा वर येत नसे, त्यामुळे दार उघडताच मला कळलं की आता हे गंभीर आहे.

आम्ही दोघी शोधायला निघालो. तलावाच्या कडेने, बाजाराच्या गल्ल्यांतून, पार्क केलेल्या गाड्यांखाली वाकून बघत. खाला पुढे चालत हाका मारत होती, "साहेब, ओ साहेब." एका कचेरीतून फाइल घेऊन बाहेर पडलेले गृहस्थ थांबले आणि काय काम आहे म्हणून अगदी अदबीने विचारू लागले. खालाने त्यांना सरळ सांगितलं की बोका हरवलाय. त्यांनी बिचाऱ्यांनी फाइल काखेत धरून एका टपरीखाली वाकून पाहिलं.

खरी अडचण वेगळीच होती. पिवळा बोका बघितलात का, असं विचारलं की सगळे हो म्हणत. पनवेलमध्ये पिवळे बोके काही कमी नाहीत. मासळी विकणाऱ्या बाईने एक दाखवला, तो बोका नव्हता, मांजरी होती. मेडिकलवाल्याने एक पोत्यात घालून आणून दिला, त्याने खालाच्या ओट्यावर येताच सगळ्यांना बोचकारून पोबारा केला. आमच्या बोक्याची खूण काय, असं लोक विचारू लागले तेव्हा आमची पंचाईत झाली. एक पाय पांढरा आहे एवढं आम्हा दोघींना ठाऊक होतं. पण कोणता? खाला म्हणाली पुढचा डावा. मी म्हटलं मागचा. माझे यजमान म्हणाले, चारही पाय पिवळेच आहेत, पांढरा वगैरे काही नाही. रोज त्याला बघणारी आम्ही तीन मोठी माणसं, आणि आमचे तीन वेगवेगळे बोके निघाले.

फोटो हवा, हे यजमानांनी सुचवलं. फोटो लावून पोस्टर केलं की काम होईल. माझा कॅमेऱ्याचा फोन नवा होता. त्यात शोधलं तर भाचीच्या वाढदिवसाच्या एका फोटोत टेबलाखाली पिवळं काहीतरी पुसट दिसत होतं, ते साहेबाचं ढुंगण होतं की गादीचा कोपरा, हे सांगता येत नव्हतं. खालाच्या फोनला कॅमेरा असून नसल्यासारखा. साहेबाचे झाडून सगळे फोटो मुलाच्या फोनमध्ये होते, आणि मुलाला कळवायचं नाही, असं खालाने मला शपथ घालून बजावलं होतं.

"तो तिकडं उन्हात गच्चीवर चढून काम करतो," ती म्हणाली. "मन इकडं लागलं आणि पाय घसरला तर? बोका काय, दुसरा मिळेल. त्याला काय सांगू नको, बेटा."

बोका दुसरा मिळेल हे म्हणताना तिचा आवाज बदलला होता, पण ते लक्षात आल्याचं मी दाखवलं नाही.

मी त्याला मेसेज केला की खालाला साहेबाचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावायचा आहे, एखादा छानसा पाठव. त्याला इतका आनंद झाला की त्याने पंचवीस-तीस पाठवले. एकात साहेबाने गॉगल घातला होता. एकात तो पांघरुणातून नुसतं नाक बाहेर काढून झोपला होता. एकात दोन हिरवे डोळे, बाकी काही नाही. एकात मुलाच्या बनियनमधून त्याचं डोकं बाहेर आलेलं. ईदच्या फोटोत गळ्यात रिबीन, पण अंग कॅमेऱ्याबाहेर. एकेक फोटो बघून हसू येत होतं, आणि पोस्टरसाठी एकही कामाचा नव्हता. गॉगल घातलेला बोका कुणी पाहिला आहे का, असं कुणाला विचारणार?

मी पुन्हा मेसेज केला की उभा असलेला, पूर्ण अंगाचा असेल तर बरं. त्याने दोन पाठवले, दोन्हींत बोका पाय पोटाखाली घेऊन पावासारखा बसलेला. मी पुन्हा विचारलं, शेपूट दिसेल असा एखादा नाही का? त्यावर मेसेज आला नाही. दुपारी माझ्या जेवणाच्या वेळी त्याचा फोनच आला.

"भाभी, फ्रेममध्ये कुणी शेपूट बघतं का?" तो म्हणाला. "खरं सांगा. हरवलाय ना?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी मांडवापासून सगळं सांगितलं. मग त्याने पहिला प्रश्न विचारला तो आई नीट जेवते का, हा. मी हो म्हटलं. मग त्याने साहेबाच्या खुणा धडाधड सांगितल्या. उजवा मागचा पाय घोट्यापर्यंत पांढरा. शेपटीचं टोक दारात सापडलं होतं, तेव्हापासून ते डावीकडे वळलेलं आहे. हनुवटीवर तांबूस ठिपका. इतक्या लांब बसून त्याला सगळं पाठ होतं. शेवटी म्हणाला, "अम्मीला सांगू नका मला कळलंय म्हणून. तिला वाटेल मी फिकर करतोय, मग ती अजून फिकर करेल."

म्हणजे आता दोघांची शपथ माझ्या एकटीच्या गळ्यात.

संध्याकाळी त्याने आणखी एक फोटो पाठवला. तो साहेबाचा नव्हताच. आखातात जायच्या आधी बिल्डिंगची पाण्याची मोटर बिघडली होती, तेव्हा मेकॅनिकला दाखवायला त्याने मोटरीचा फोटो काढला होता. नेमका त्याच क्षणी साहेब मोटरीच्या मागून चालत गेला होता. भर उजेडात, बाजूने, डोक्यापासून वाकड्या शेपटीपर्यंत अख्खा बोका. फक्त मागचा पांढरा पाय मोटरीआड गेला होता. त्याचा फोटो काढायचा असं कुणाच्याच मनात नसताना निघालेला, त्याचा एकमेव उपयोगी फोटो.

झेरॉक्सच्या दुकानदाराने मोटर काढून टाकायचा प्रयत्न केला, पण मोटर काढली की बोक्याचं अर्धं पोट जायचं. शेवटी मोटरीसकटच रंगीत पोस्टर छापलं. वर मोठ्या अक्षरात 'हरवला आहे', खाली माझा नंबर. बाजारात, रिक्षा स्टँडवर, दवाखान्याच्या भिंतीवर आम्ही ते चिकटवलं.

फोन लगेच यायला लागले. मोटर किती हॉर्सपॉवरची, असं एकाने विचारलं. एकाने मोटर कुठून चोरीला गेली ते विचारून बाहेरच्या टोळ्यांबद्दल बरंच सांगितलं. एकाकडे तसलीच जुनी मोटर विकायला होती. मी प्रत्येकाला सांगत होते की मोटर जागेवर आहे, मागे बघा, मागे बोका आहे. हे फोन स्पीकरवर लावले की खालाला हसू यायचं, आणि ती हसली की मला बरं वाटायचं.

मधेच शुक्रवार आला. नमाज झाल्यावर खालाचा फोन वाजला तेव्हा मी तिच्याकडेच बसले होते. औषधं झाली, पाणी झालं. मग साहेबाचा विषय निघाला. खालाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "असेल कुठंतरी झोपलेला." तिकडून तो म्हणाला, "झोपू दे, अम्मी. उठवू नको." दोघंही एकमेकांना जपत होते आणि मी मधे बसून छताच्या पंख्याकडे बघत होते.

दोन दिवसांनी आणखी एक फोन आला. आवाज बाईचा होता, ठणठणीत.

"मोटर नाय माज्याकडं," ती म्हणाली, "पण मांजर हाय."

ती करंजाडे गावातली होती. रोज पनवेलच्या बाजारात भाजी विकायला बसायची, आणि तिच्या बसायच्या जागेसमोरच आमचं पोस्टर होतं. तिच्या घराशेजारी डेकोरेटरचं गोदाम होतं. गुंडाळलेले गालिचे उतरवताना त्यातून एक पिवळा बोका निघाला, दोन दिवस गोदामातच बसून राहिला आणि मग तिच्या पडवीत आला. शेपटीचं टोक मोडलेलं होतं. मी खालाला हाक मारली, तिने डोक्यावर ओढणी घेतली आणि पायात वेगवेगळ्या चपला घालून रिक्षात येऊन बसली.

नदीवरचा पूल ओलांडला की तेव्हा सगळीकडे नव्या बिल्डिंगांचे सांगाडे उभे राहत होते. त्यांच्या मधे जुनं गाव होतं. त्या बाईने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. बोका मात्र समोर आणला नाही. आतलं दार लावून ती दारातच उभी राहिली.

"रागावू नका," ती म्हणाली. "पन तुमच्या आदी एक मानूस येऊन माजा माजा करून गेला. आदी सांगा, पांढरा पाय कनचा? कागदावर तो दिसत नाय."

खाला म्हणाली, "पुढचा डावा." त्याच क्षणी मी म्हटलं, "मागचा उजवा."

बाई माझ्याकडे बघून हसली आणि दार उघडायला वळली. खाला वळली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

"तू तर नुसतं मागचा म्हणायचीस," ती हळू म्हणाली. "उजवा कुणी सांगितलं तुला?"

माझा चेहरा बघून तिला कळलंच. तिने ओढणीचं टोक तोंडाला लावलं. मला वाटलं ती रडतेय किंवा माझ्यावर चिडलीय. ती हसत होती. "म्हणजे झोपू दे म्हणाला, उठवू नको म्हणाला," ती म्हणाली, "आणि माहीत होतं त्याला." मग हसता हसता तिने डोळे पुसले.

तेवढ्यात साहेब बाहेर आला. चांगलाच जाड झाला होता. रोजची सुकी मासळी, सोडे आणि कोलीम, खाऊन अंगावर तेज आलं होतं. आम्हा दोघींकडे त्याने ओळख नसल्यासारखं पाहिलं आणि भाजीच्या टोपलीत जाऊन बसला. खालाने त्याला उचललं, तेव्हा मात्र तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून त्याने डोळे मिटले. हनुवटीवर तांबूस ठिपका होता. मी तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. भाजीवाल्या बाईचाही जीव जडला होता. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कधीतरी आणा त्याला, म्हणाली. खाला म्हणाली, तू ये, बाजारापासून माझं घर जवळ हाय. आणि ती खरंच येऊ लागली. दुपारी बाजार उठला की खालाच्या ओट्यावर दोघी चहा पीत बसलेल्या दिसायच्या.

त्या दिवशी खालाने त्या बाईच्या पडवीतूनच माझ्या फोनवरून मुलाला फोन लावला. शुक्रवार नव्हता. तिने काही न बोलता फोन बोक्याच्या तोंडाशी धरला. नेमका तेव्हा तो गप्प. मग खालाने त्याला हळूच चिमटा काढला.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते फोटो काढायचं. खालाला आधी त्याला आंघोळ घालायची होती, रिबीन बांधायची होती. मी म्हटलं, खाला, सजवायचं नाही, तो रोज असतो तसाच हवा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात ओट्यावर त्याला उभं केलं. यजमान समोर सुका बोंबील धरून बसले, म्हणजे साहेब मान वर करून स्थिर राहील. एक डाव्या बाजूने, एक उजव्या, एक समोरून चेहऱ्याचा, एक बादलीशेजारी उभा, म्हणजे केवढा आहे ते कळेल. पांढऱ्या पायाचा वेगळा, हनुवटीचा वेगळा. शेपटीसाठी मागून काढायला गेले तेव्हा खालाने मला थांबवलं. मागून कुणाचा फोटो काढतात का, म्हणून तिने बोक्यासमोर ओढणीच धरली. शेवटी बोकाच वळला आणि फोटो निघाला.

ते सगळे मी मुलाला पाठवले. त्याच्या आधीच्या फोटोंपुढे हे अगदी रटाळ होते, बोका उभा आहे, बस्. त्याला मात्र ते फार आवडले. खोलीतल्या सगळ्यांना दाखवले म्हणाला. थोड्या दिवसांनी त्याचा मेसेज आला, "भाभी, अम्मीचे पण असेच पाठवा ना. ईदच्या कपड्यातले खूप आहेत. चालताना, चुलीजवळ, ओटा पुसताना, असे."

मी ते खालाला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"माझे कशाला?" ती म्हणाली. "मी काय हरवणार हाय?"

एवढं म्हणून तिने सूप बाजूला ठेवलं आणि केस नीट करायला आत जाऊ लागली. मी फोन काढला आणि तिला तशीच, पाठमोरी, दारातून आत जाताना टिपलं.