लॅच बिघडलं ती दिवाळी

त्या वर्षी दिवाळीच्या आधी भावाचा माझ्या ऑफिसात फोन आला. "आम्ही यंदा सगळे हिच्या माहेरी जातोय. तुझं काय?" असं त्याने विचारलं. 'तूही चल' असं काही तो म्हणाला नाही. आई-वडील गेल्यापासून माझी दिवाळी त्याच्याच घरी होत असे. आजूबाजूच्या टेबलांवरचे सगळे कान टवकारून बसले होते, म्हणून मी मोठ्याने म्हणाले, "अरे, बरंच झालं! मस्त आराम करते चार दिवस."

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, एका सरकारी कचेरीत टायपिस्ट. नवीन पनवेलच्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते. इमारतीतले निम्मे फ्लॅट अजून रिकामेच होते. उरलेल्यांतले कोणी साताऱ्याला गेले, कोणी चिपळूणला. सगळ्यात शेवटी समोरच्या काकू निघाल्या. हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "एकटीच राहणार? कंटाळा नाही यायचा?"

"छे! सुट्टी एन्जॉय करणार," मी म्हटलं.

आणि खरंच तसं ठरवलं होतं मी. वाचनालयातून दोन दिवाळी अंक आणले होते. चकल्या घरी केल्या होत्या. खांदेश्वरच्या देवळात जायचं, मग पनवेलला जाऊन सिनेमा बघायचा, असा बेत होता.

नरक चतुर्दशीला पहाटे उठले. तेल लावलं, उटणं लावलं. पाठीला मात्र हात पोचेना. दोन्हीकडून प्रयत्न केला, मग तसंच पाणी ओतून घेतलं. नवी साडी नेसले, रांगोळीचा डबा घेतला आणि दार उघडायला गेले. लॅचची मूठ फिरवली तर ती हातातच आली. आतलं काहीतरी तुटलं होतं. स्क्रू ड्रायव्हर घातला, चाकू घातला, दार ओढलं, लाथा मारल्या. दार ढिम्म.

इमारतीत हाक ऐकायला कोणीच नव्हतं. फोन तर तेव्हा आमच्या अख्ख्या रस्त्यावर नव्हता. गॅलरीला ग्रिल, खिडक्यांना गज. चोर येऊ नये म्हणून केलेलं सगळं. समोर मोकळे प्लॉट, त्यांत कमरेएवढं गवत. मी गज धरून उभी राहिले. नव्या साडीत.

बऱ्याच वेळाने रस्त्याने एक कोळीण येताना दिसली. खाडीकाठच्या गावातून ती रोज टोपली घेऊन पनवेलच्या बाजाराला जायची. मी कधीमधी तिच्याकडून बोंबील घेत असे, तेवढीच ओळख.

"मावशी! ओ मावशी! वर बघा!"

तिने मान वर केली. "ताजी मासली नाय गो आज! नुसती सुकट हाय!"

"सुकट नको! मी आत अडकलेय. दार उघडत नाही!"

तिने टोपली जिन्याखाली ठेवली आणि वर आली. मी गजांतून टाकलेली किल्ली तिने बाहेरून लावून पाहिली, ती नुसतीच गरगर फिरली. मग बाहेरून तिने दाराला खांदा लावला, आतून मी ओढलं. काही उपयोग झाला नाही.

"फोरायला लागल गो," ती दारापलीकडून म्हणाली. "माजा घरवाला होरी घेऊन गेलाय. संध्याकालला येल, मंग आनते त्याला. घरात खायला हाय ना?"

"आहे सगळं."

"मंग बस आरामात."

आरामात बसायला तर मी मोकळीच होते. दिवाळी अंक उघडला, पण पान पुढे सरकेना. कुठे जिन्यात पाऊल वाजलं असं वाटायचं आणि मी दाराशी जाऊन उभी राहायची. संध्याकाळ झाली, गॅलरीत पणती लावली. जुन्या पनवेलच्या बाजूला फटाके वाजू लागले. कोणी आलं नाही. कोळीण तरी का येईल, कोण लागते मी तिची? मला इथे काही झालं तर काकू परत येईपर्यंत कोणाला कळणारही नाही, हा विचार आला आणि मग जाईना. रडू आलं तेव्हा तोंडाशी पदर धरला. ऐकायला कोणी नसताना!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवऱ्याला घेऊन आली. होडी ओहोटीत अडकून त्याला उशीर झाला होता. "बाजूला व्हा, ताई," एवढंच तो बोलला आणि त्याने पहार घातली. तीन-चार दणक्यांत लॅच गेलं, चौकटीचं लाकूड फाटलं, त्यासोबत कडीही उखडून आली. दार सताड उघडलं.

मी त्यांना चकल्या दिल्या, हात जोडले. ते गेले आणि मी चप्पल घालायला लागले, तेव्हा कुठे लक्षात आलं. दार आता बंदच होत नव्हतं. घर असं उघडं टाकून जाणार कुठे? सुतार गावाला गेलेला. भाऊबीजेनंतर तो आला आणि साधी कडी बसवून गेला. तोवर मी दाराला सुतळी बांधून, रात्री मागे लोखंडी ट्रंक लावून घरातच बसले. देऊळ राहिलं, सिनेमा राहिला.

पाडव्याला बाजारातून परतताना ती पुन्हा वर आली. आत या म्हटलं, तर "वास लागल घराला" म्हणून उंबऱ्यापाशीच पाय पसरून बसली. मी चहा आणि चकल्या घेऊन तिच्यासमोर फरशीवर बसले.

"तुला कोन नाय गो?"

"भाऊ आहे."

"मंग?"

मी चकल्यांची बशी तिच्यापुढे सरकवली. तिने चकली मोडली, चावली आणि म्हणाली, "लय करक झाल्यान. मोहन कमी परलं." मला एकदम हसू आलं. त्या सगळ्या सुट्टीत तेव्हाच काय ते मी हसले.

चहा संपवून ती उठली. "जाते गो. घरी लेकी आल्यान."

"थांबा की जरा," हे अगदी ओठावर आलं होतं. पण तिला घर होतं, पाहुण्या लेकी होत्या. निदान खाली रस्त्यापर्यंत तिच्यासोबत जावं असं वाटलं, तर मागे दार उघडं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले, तिच्या पावलांचा आवाज बंद होईपर्यंत.