रामवाडीच्या देखाव्यातला खरा मार

हमरापूरच्या कारखान्यात मी गणपतींची आखणी करते, म्हणजे मूर्तींचे डोळे काढते. त्यामुळे पेणला रामवाडीच्या मंडळाने जिवंत देखावा ठरवला तेव्हा रंगाचं काम माझ्याच गळ्यात पडलं. विषय मिठाचा सत्याग्रह. मिठागरात राबणारी आमचीच माणसं स्टेजवर ओळीने बसणार, पुढे मिठाचा ढीग, प्रत्येकाच्या मुठीत मीठ. इंग्रजांचा हवालदार "मूठ सोड!" म्हणून लाठी मारणार आणि कोणीही हात उचलायचा नाही. मग पडदा, मग आरती.

ओळीत मधोमध माझा थोरला भाऊ. आता हा माणूस म्हणजे नाकाच्या शेंड्यावर राग! आमचे पणजोबा खऱ्या सत्याग्रहात मार खाऊन आले होते, तर हा म्हणायचा, "मार खाल्ला त्यात कसली मर्दुमकी? मी असतो तर दोन ठेवून दिल्या असत्या." गेल्या पावसाळ्यात बांधाची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवायचं दार, यानेच नीट बंद केली नाही. खारं पाणी शेजारच्या गावातल्या एकाच्या भातात शिरलं. तो बिचारा जाब विचारायला आला, तर भावाने त्याचं नाक फोडलं. चूक याची आणि नाक त्याचं! पोलीस ठाण्यापर्यंत गेलं प्रकरण.

त्या दिवशी वहिनीने त्याला माझ्यासमोर सांगितलं, "परत कुनावर हात उचललात तर पोरीला घेऊन रोह्याला जाईन. मग न्यायला यायचं नाय." रोह्याला तिचं माहेर. ती उगाच बोलणारी बाई नव्हे, हे भावाला पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून तो खाली मान घालून वावरत होता.

आणि मंडळाच्या शहाण्यांनी हवालदार कोणाला करावं? त्या नाक फुटलेल्यालाच! म्हणे, बाप्पासमोर एका स्टेजवर आले की वैर मिटेल. आमच्याकडे हे असंच. वर्षभर डोकी फोडा, गणपतीत सगळं गोड होणार, अशी प्रत्येकाची खात्री.

लाठ्या कागदाच्या केल्या होत्या. सुरळ्या चिकटवून, वर बांबूचा रंग. पण भाद्रपदातली दमट हवा! पहिल्याच खेळाला हवालदाराने लाठी हाणली आणि ती भिजल्या पापडासारखी वाकली. खालून कोणी ओरडलं, "अवो हवालदार, जेवलाव का नाय?" सगळा मांडव हसला. भाऊ सत्याग्रही असून खो खो हसला. हवालदाराचं तोंड पार उतरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पडद्याच्या दोरीपाशी उभी होते. हवालदाराने हात उगारला आणि फाटकन आवाज झाला. कागदाचा असा आवाज होत नाही. मांडव बांधून उरलेला खरा बांबू त्याने उचलून आणला होता.

भावाच्या कपाळावरून लाल ओघळ आला तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. टोपीखाली रंगाची पिशवी ठेवायचं ठरलंच होतं, लोकांना वाटलं तीच फुटली. पण तो माझा रंग नव्हता हो! माझा लाल कुंकवासारखा झगझगीत. हा दाट, काळपट, आणि थांबत नव्हता.

"उचल की आता हात!" हवालदार दात खाऊन म्हणाला. दुसरी काठी खांद्यावर बसली, तिसरी पाठीत. मी पडद्याच्या दोरीची गाठ ओढायला लागले. भावाचे डोळे मी ओळखते, माणूस मारायला निघाल्यासारखे झाले होते ते. तरी मूठ मांडीवर घट्ट होती. ओळीत त्याच्या शेजारी बसलेल्या बायकांच्या ध्यानात आलं. त्या पळाल्या नाहीत, बसल्या बसल्या सरकत त्याला चिकटल्या. एकीच्या हातावर काठी बसून काकणं फुटली, दुसरीचा ओठ फाटला. कोणी हात उचलला नाही. खाली लोक "वंदे मातरम्" ओरडत होते, काय म्हणावं या लोकांना!

तेवढ्यात वहिनी लेकीला कोणाच्या तरी मांडीवर टाकून स्टेजवर चढली. मागचा दुसरा बांबू तिने ओढला आणि हवालदाराच्या पाठीत असा घातला की तो मिठाच्या ढिगात उपडा पडला. "माझ्या नवऱ्याला मारतोस? मुडद्या!" दुसरा घाव तिने सरळ त्याच्या डोक्यावर उगारला. भाऊ उठला, रक्ताने डोळे भरलेले, आणि त्या माणसावर आडवा पडला. बांबू भावाच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं मला दोरीपाशी ऐकू आलं. मी पडदा पाडला.

दवाखान्यात कपाळाला टाके पडले, हाताला प्लास्टर. वहिनी खाटेशी बसून रडत होती, रडता रडता भांडत होती. "मार खाल्लात ते खाल्लात, त्या मेल्यासाठी हात कशाला मोडून घेतलात?"

"तू त्याचं डोकं फोडलं असतंस गो," भाऊ म्हणाला. "तुला धरून नेली असती."

मग छताकडे बघत तो म्हणाला, "एक सांगू? मी काय तुला दिलेल्या शब्दासाठी बसलो नव्हतो. तिसऱ्या काठीलाच ठरवलं व्हतं, चौथी बसली की उठायचं आन याचा गळा दाबायचा. पोर आठवली नाय, तू आठवली नाय. उठतच व्हतो, तर तू दिसलीस."

वहिनीने पदराने डोळे पुसले, त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हे परत बोलायचं नाय," ती म्हणाली. "कुनापाशी नाय."

बाहेर व्हरांड्यात सगळं मंडळ जमलं होतं. हवालदारही होता, मान खाली घालून. अध्यक्षांच्या हातात हार होता, आणि पोरं माझ्या भावाच्या नावाने अहिंसेचा जयजयकार करत होती.