बाळंतिणीची शेगडी

लेकीच्या बाळंतपणात शेक-शेगडी मीच करणार, हे मी आधीच बजावून ठेवलं होतं. पूनम सागर सोसायटीतल्या तिच्या फ्लॅटवर मी नवघरच्या आमच्या घरून लोखंडी शेगडी आणि बाभळीची लाकडं घेऊन गेले. जावयाने तोंड वाकडं केलं, पण माझ्यापुढे कुणाचं चालतं?

नवव्या दिवशी दुपारी जावई कामावर होते. मी हॉलच्या बाल्कनीत लाकडं पेटवली, धूर पुरता जाऊ दिला आणि निखारे लालभडक झाल्यावर शेगडी आत नेऊन पलंगाशेजारी ठेवली. धूर गेला की भीती गेली, हे माझं शास्त्र. आमच्या कौलारू घरात सगळ्यांची बाळंतपणं अशीच झाली. तिथे कौलांतून हवा खेळायची, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मी सरकत्या काचा घट्ट लावल्या.

"आई, डोकं जाम दुखतंय गं. खिडकी उघड ना थोडी."

"वारा लागंल. गप पड. डॉक्टरीण हाय का तू?"

तिने बाळाला जवळ ओढलं. बाहेर येताना मी दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं आणि अळिवाची खीर करायला घेतली.

मध्येच दाराला कान लावला. आत शांत. दोघींना झोप लागली म्हणून मी खूश. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. दुधाची वेळ झाली की नात घर डोक्यावर घ्यायची. आज वेळ कधीच टळली होती आणि साधं कुरकुरणंही नव्हतं.

मी दार ढकललं. लेकीचे डोळे अर्धवट उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. तिचा हात उचलला, तो तसाच खाली पडला. नातीला उचललं तर मान लुळी. काचेचा खटका मला सापडेना. शेवटी तिला घेऊन बाल्कनीत धावले.

"रड गं बाय, रड."

रडली नाही. श्वास तेवढा चालू होता. माझ्या ओरडण्याने शेजारीण आली, तिने लेकीला बाहेर ओढलं, रिक्षा आणली.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. संध्याकाळी लेक शुद्धीवर आली, मग नातही रडली. डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यांतून विषारी वायू निघतो, त्याला ना धूर ना वास. "खोली बंद कुणी केली होती?"

लेकीने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "मीच. मला थंडी वाजत होती."

मी तिच्या उशाशीच उभी होते. तोंड उघडलं असतं तर कुणी मला फाशी दिली नसती. मी नुसतं तिचं पांघरूण सारखं केलं.